मानेखालचे फोटो

कुसुम, तुझा चेहरा दिसेल असा एकही फोटो माझ्याकडे नाही, हे कुणालाच पटत नाही.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा नवरा दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. मी आत बोलावलं, पण सुतकातला माणूस कापडाच्या दुकानात कसा येऊ म्हणून नामदेव बाहेरच थांबला. म्हणाला, "वैनी, बॅनर करायचाय. कुसमाचा एक चांगला फोटो द्या." मी काउंटरवरच्या कापडाची घडी घालत राहिले. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. एक ट्रक गेला, धूळ बसली, मग तो पुन्हा म्हणाला, "तुमच्याकडं ढिगानं असतील की. सारखी तुमच्या क्यामेऱ्याम्होरंच हुती."

होतीसच. मी कॉम्प्युटर लावला आणि त्याला खिडकीतून बघता येईल असा वळवला. तुझे खांदे. तुझी पाठ, खणाच्या ब्लाउजच्या नाड्यांसकट. कमरेवर ठेवलेला तुझा हात, इरकलीचा पदर धरलेली बोटं. हिरवा खण, जांभळा खण, काळा खण. वर्षानुवर्षांचे फोटो, आणि प्रत्येकात तू हनुवटीच्या खाली सुरू होतेस. नामदेव बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे असं बघितलं की जणू तुझं डोकं मीच कापून कुठेतरी ठेवलंय.

"एक बी न्हाई?"

"तिनंच काढू दिला नाही रे."

"आसं कसं व्हईल वैनी," म्हणाला आणि निघून गेला.

आता त्याला मी काय सांगू? तुझ्या तापाबद्दल मी इथे लिहिणार नाही. तो कसा वाढला, तुला बेळगावला कधी नेलं, तिथे काय झालं, हे गावात प्रत्येक जण मला येऊन सांगतो, जसं काही मी तिथे नव्हतेच. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू उठून गेलीस. हे तुझं नेहमीचंच. अंगावर आलं की म्हणायचीस, "वैनी, इस्त्री तापली," आणि आत सटकायचीस.

तू पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिलीस ते माझ्या नाइलाजाने. तू तेव्हा आमच्याकडे फॉल-पिकोला बसायचीस, आणि मी खणाचे ब्लाउज शिवून ते फोनवरून विकायच्या नादाला लागले होते. आधी मी ते हँगरला लावून फोटो काढले. ट्यूबलाइटच्या उजेडात मरून खण विटकरी दिसायचा आणि ब्लाउज वाळत घातलेल्या फडक्यासारखा. मग पांढऱ्या चादरीवर पसरून काढले. रस्त्यावरून ट्रक गेला की चादरीवर लाल धूळ. एका गिऱ्हाइकाने पार्सल परत पाठवलं, रंग वेगळा निघाला म्हणून. त्या दिवशी मी कॅमेरा कपाटात टाकला आणि तुला म्हणाले, "बास झालं. आपलं काम नव्हे हे."

तू शिलाईवरनं उठलीस, तो ब्लाउज उचललास आणि आत जाऊन घालून आलीस. "आता काढा. कापडाला अंग लागतंय वैनी, खुंटी न्हाई."

तुझ्या अंगावर तो सैल होता. मी मागून क्लिपा लावून तो आवळला. मागच्या खोलीतल्या उत्तरेच्या खिडकीला बटर पेपर चिकटवला, म्हणजे उजेड गाळून यावा, आणि सावलीच्या बाजूला थर्माकोलची शीट टेकवली. खणाची बुट्टी पहिल्यांदा फोटोत उठून आली. काठाची जर समोरच्या दिव्याने पांढरी भगभगायची, ती बाजूच्या उजेडात जरीसारखी दिसली. मी एवढी खूश झाले की तुला मिठी मारली, आणि पाठीवरची एक क्लिप माझ्या हातात घुसली.

मग तू कॅमेऱ्यात डोकावलीस आणि म्हणालीस, "तोंड काढून टाका."

मी हसले. तू हसली नाहीस.

तेव्हापासून तू जाईपर्यंत आपण ह्या एकाच गोष्टीवर भांडलो. मी तुला सांगून सांगून थकले की चेहरा असला की माणसं थांबतात, बिनचेहऱ्याचा ब्लाउज बघून पुढे सरकतात. तुझं उत्तर दर वेळी वेगळं. एकदा म्हणालीस, "तोंड बघून घेतलं आणि तोंड न्हाई मिळालं तर परत पाठवतील." एकदा म्हणालीस, नामदेवाला आवडणार नाही. मी नामदेवाला विचारलं; तो म्हणाला, मला काय, काढू द्या की. मग म्हणालीस, आवयला आवडणार नाही. तुझ्या माहेरी, दिग्गीला फोनची रेंज येत नाही, तुझी आई कुठे बघणार होती? आणि फारच मागे लागले तर ठरलेलं: "वैनी, तुमास्नी कापड विकायचं हाय का मला?"

ह्यावर काय बोलायचं ग माणसाने?

आणि त्याच वेळी तूच नवीन शिवलेला ब्लाउज घालून भर बाजाराच्या दिवशी रामनगरभर फिरायचीस. भाजीवालीपाशी थांबायचीस, बस स्टँडवर उभी राहायचीस, खानापूरहून आलेल्या बायांना पाठ वळवून नाड्या दाखवायचीस. "ह्या दुकानातला, जावा तिकडं." पहिल्या वर्षी माझं जे काही चाललं ते तुझ्या त्या फिरण्यावर चाललं, फोटोंवर नाही. त्यावरूनच मी एकदा तुला पकडलं. म्हटलं, "अख्खं रामनगर तुझं तोंड बघतंय, ते चालतं? आणि फोटोत नको?"

तू धागा दाताने तोडलास. "रामनगराला मी बी बगतोय की."

मला राग आला होता, त्यामुळे मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. आता ते वाक्य दिवसभर कानात असतं. त्यावर आपण आणखी थोडं बोलायला हवं होतं. तू आणखी काहीतरी सांगितलं असतंस कदाचित. की नसतंस? तुझा काय भरवसा.

कुळगीचं सांगते, कारण ते तुझ्या तोंडावर मी कधी सांगितलं नाही.

बेळगावच्या एका मोठ्या दुकानाच्या मालकीणबाईंनी माझे फोटो बघितले होते. लग्नसराईसाठी त्यांच्या साड्यांचे सगळे फोटो मी काढावेत असं त्यांनी म्हटलं. अट एकच: जंगलात काढायचे, आणि बाई हसरी हवी. मी तुला सगळं सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "जाऊया की कुळगीला. मला जंगल नवं हाय व्हय?" मला वाटलं, मान्य केलंस. मला खरंच वाटलं, कुसुम. मी रात्री साड्यांना इस्त्री करताना गुणगुणत होते.

कुळगीच्या कॅम्पच्या अलीकडे नामदेवाने त्याचा टेम्पो थांबवला. तू मोतिया रंगाची साडी नेसलीस, काठ सोनेरी. एवढी चांगली दिसत होतीस की तिथला वनखात्याचा गार्डसुद्धा हटकायचं विसरला आणि आधी म्हणाला, "शूटिंग कसलं हो?" मी लेन्स लावली, डोळ्याला कॅमेरा लावला, आणि तू शांतपणे वळून पाठमोरी उभी राहिलीस.

"इकडे बघ."

"आसंच काढा. पदर चांगला दिसतोय."

मी ओरडले. गार्डसमोर, नामदेवासमोर. म्हणाले, तुझ्या हट्टापायी माझं दुकान बुडेल, आणि दुकान बुडलं तर तू कुठे जाशील? तू पाठमोरीच म्हणालीस, "भात लावायला." नामदेव टेम्पोत जाऊन बसला. वरच्या झाडांचा हिरवा उजेड साडीवर उतरला होता, मोतिया रंगाला शेवाळ धरल्यासारखं झालं होतं. थर्माकोल धरायला कुणी नव्हतं. धरायचं ठरलं होतं नामदेवाने, आणि तो टेम्पोत. मी तरीही दुपारपर्यंत काढत राहिले. पाठ, पदर, पाठ, काठ.

मालकीणबाईंनी फोटो बघून फोन केला. "बाईला तोंड नाही का हो?" म्हणाल्या. काम गेलं ते गेलंच. पुन्हा त्यांचा फोन आला नाही.

कुळगीहून परतताना मी मुद्दाम तुझ्याशेजारी न बसता टेम्पोत मागे साड्यांच्या गठ्ठ्यापाशी बसले होते. दुसऱ्या दिवशी तू येणार नाहीस असं मी धरून चालले होते. तू नेहमीसारखी आलीस. खिडकीचा फाटलेला बटर पेपर काढून नवा लावलास. इस्त्री तापवलीस. राखाडी खणाचा ब्लाउज घालून, क्लिपा जमतील तेवढ्या स्वतःच्या पाठीला स्वतःच लावून उभी राहिलीस. "चला वैनी, उजेड चाललाय."

मी फोटो काढले. तोंड न काढता. रागातच काढले, पण काढले. त्या सबंध काळात दुसरी कुणी बाई तिथे अशी येऊन उभी राहिली नसती, आणि मी दुकान बंद करून बसले असते, हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं. पण मला वाटत होतं, आधी तू माफी मागावीस. तू कसली मागतेस!

एक फोटो होता. ते मला जास्त छळतं.

ह्याच पावसाळ्यात. करंट गेला होता. दोन्ही दिवे विझले आणि फक्त खिडकीतला उजेड उरला, ढगातून गाळलेला आणि बटर पेपरमधून पुन्हा गाळलेला. तू मागे हात करून एक क्लिप काढत होतीस, ती केसांत अडकली होती, आणि मला काहीतरी सांगायला वळलीस. तोंड अर्धं उघडं. मी बटण दाबलं. मुद्दाम नाही, बोट तिथेच होतं.

तू आलीस, कॅमेरा माझ्या हातातून घेतलास. त्या पहिल्या दिवसानंतर तू कुठलाच फोटो बघितला नव्हतास. मला वाटलं, आता ठेवा म्हणशील. तू म्हणालीस, "बरा आलाय." मग म्हणालीस, "काढून टाका आता."

मी विनवण्या केल्या. कुठे टाकणार नाही, कुणाला दाखवणार नाही, तुझ्यासाठी ठेवू दे.

"कुणाला दावायचा न्हाई तर ठेवायचा कशाला?"

आणि मी तो पुसला. तुझ्यासमोर, तू सांगितलंस म्हणून. नाही म्हणाले असते तर तू काय केलं असतंस? दोन दिवस फुगली असतीस. तेवढंच. एरवी मी तुझं कधी काय ऐकलं होतं? काळ्या खणाला जास्त उजेड लागतो हे तू सांगितलेलं ऐकलं नाही, मध्ये एका शहाण्या पोरीला कामावर ठेवू नका म्हणालीस ते ऐकलं नाही. नेमकं हेच ऐकायचं होतं?

तू गेल्यावर मी कॅमेऱ्यातलं ते कार्ड घेऊन बेळगावला गेले. पुसलेलं परत काढून देणारा एक माणूस आहे तिथे. त्याने सगळं बाहेर काढलं. इरकलीचे काठ, थर्माकोलचा कोपरा, माझा अंगठा, जुन्या एका बारशातली केकची सुरी. तो फोटो नाही. "त्याच्यावर दुसरं काहीतरी बसलं असणार, ताई," तो म्हणाला. त्याच्यावर ब्लाउज बसले, कुसुम. मीच काढलेले ब्लाउज.

तोवर नामदेवाने बॅनर करून टाकला होता. नाक्यावर, गोव्याकडे जाणारे ट्रक जिथे वेग कमी करतात तिथे लावलाय. तुझ्या आधार कार्डावरचा चेहरा मोठा केलाय, आणि तो माझ्या फोटोतल्या तुझ्याच अंगावर आणून बसवलाय. निळी इरकल नेसलेला फोटो. फोनवर सगळ्यांना पाठवलेला, तिथून उचलला. तुझंच तोंड आणि तुझंच अंग, आणि तरी ते तुझं नाही. अंगावर उजेड डावीकडून मऊ पडलाय आणि तोंडावर समोरून फटकन. मान मधेच संपते आणि दुसरी सुरू होते. कार्डाच्या फोटोत तू अशी बघतेयस की कुणीतरी तुला ओरडून सांगितलंय, हलू नका.

मी रस्त्यात उभी राहून नामदेवाशी भांडले. मागे हॉर्न वाजत होते. म्हणाले, "काढ तो. मी दुसरा करून देते. नुसतं नाव टाक, फूल टाक, पण हा काढ."

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. त्याचे डोळे सुजलेले होते. "वैनी, येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतंय न्हवं, कोण हाय ते? मग बास की."

"ही ती नाही, नामदेव."

"मग ती कुठं हाय, ते तुमी दावा."

मी रस्त्यातून बाजूला झाले. बॅनर अजून तिथेच आहे.

आणि ऐक. बॅनर लागल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी अनमोडकडची एक बाई दुकानात आली. बसमधून उतरून थेट आली होती. काय दाखवू विचारलं तर हात नाक्याकडे करून म्हणाली, "त्या बोर्डावरच्या बाईनं नेसल्या बगा, तसली निळी इरकल दावा."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिचा काय दोष? तिला बिचारीला वाचता येत नसेल, किंवा बसमधून नुसता काठ दिसला असेल. मी निळी इरकल काढली आणि तिच्यासमोर टाकली. तिने काठ बोटांनी चाचपला, पदर उलगडला, खांद्यावर टाकून आरशात बघितलं. घेतली. जाताना म्हणाली, "बाई कोण हो ती? देखणी हाय." मी म्हणाले, आमच्या दुकानातली होती. मग ती "होती" ह्या शब्दापाशी थांबली, आणि तिला कळलं. पिशवी हातात धरून ती तिथेच रडायला लागली. मी रडले नाही. मला तुझा एवढा राग आला होता की रडू कुठे राहील.

बारावं झाल्यावर मी दिग्गीला गेले. नामदेवाच्या टेम्पोतून जिथवर जाता येतं तिथवर, पुढे चालत. तुझी आवय अंगणात सुपारी सोलत बसली होती. मी कोण ते सांगावं लागलं नाही. "दुकानवाली वैनी," म्हणाली आणि चटई टाकली. पाणी दिलं. नामदेव परसात तुझ्या भावाकडे गेला. मग दोन सुपाऱ्या सोलून झाल्यावर तिने विचारलं, "फोटो हाय म्हणं तुझ्याकडं, कुसमाचं."

पुन्हा तेच. मी आधीच सांगून टाकलं, "आवय, तोंड नाही हो त्यात. तिनं कधी काढू दिलं नाही."

"हाय तसं दाखव."

मी फोन काढला. उन्हात काही दिसेना, म्हणून आम्ही पडवीत सरकलो. मी पहिला फोटो लावला, जांभळा खण, पाठमोरा. तिने फोन हातात घेतला नाही. सुपारीने काळी झालेली बोटं लुगड्याला पुसली, गुडघ्यावर ठेवली आणि वाकून बघितलं.

"कुसूम," म्हणाली. जणू तू दारातून आत आलीस.

मी पुढचा लावला. "डावा खांदा वर. ल्हानपणी कळशी त्याच खांद्याला घ्यायची." पुढचा. "अंगठा बग, बोटांत दडवलाय. भ्याली की आसं करायची." कुळगीचा आला, मोतिया साडी, हिरवी पडलेली. त्यावर ती हसली. तू गेल्यापासून मी कुणाला हसताना बघितलं नव्हतं. "रुसल्या ही. मान बग ना कशी ताठ. कुणाशी भांडून हुबी ऱ्हायल्या?"

"माझ्याशी," मी म्हणाले.

"व्हय? मग बरोबर." आणि तिने हनुवटीने खूण केली. "फुडचा दाखव."

मी दाखवत राहिले. ती एकेक फोटो पोटभर बघायची आणि मगच "फुडचा" म्हणायची. मी तिच्या खांद्याला खांदा लावून बसले होते, तेच फोटो बघत होते. मी काढलेले, मी उजेड लावलेले. ती जिथे बोट ठेवायची तिथे मीही डोळे लावून बघायचे, खांद्यावर, अंगठ्यावर, मानेवर. ती पुन्हापुन्हा तुझं नाव घेत होती.

मला ब्लाउज दिसत होते.